थर्मोकोलच्या दारातला देव

नेंगाहने फिरायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी जे जे काढलं ते ते बुडालं. आधी त्याने दरीवर झोका बांधला. झोका चांगला होता, पण शेजारच्या गावाने त्याहून उंच नारळीला झोका टांगला आणि पाहुणे उंचीला भुलले. मग त्याने उदमांजर पाळलं, म्हणजे त्याच्या पोटातून फिरून आलेल्या बियांची महागडी कॉफी विकता येईल. त्या प्राण्याने पंधरवडाभर नुसती पपई खाल्ली आणि एका सकाळी पिंजऱ्याच्या काड्या वाकवून ते आपल्या वाटेने गेलं. नंतर बांबूचं मोठं घरटं केलं, नव्या जोडप्यांनी आत बसून फोटो काढावेत म्हणून. त्यात नव्या जोडप्यांच्या आधी लाल मुंग्यांनी संसार थाटला. तेगेहसारी गावात लोक म्हणायचे, नेंगाहने चितेची लाकडं विकायला काढली तर गावात माणसं मरायची थांबतील.

मग त्याने दार बांधलं, आणि दार चाललं.

दार म्हणजे देवळाचं असतं तसंच, मधोमध चिरलेलं, दोन अर्धी समोरासमोर उभी, मधून आभाळ. फक्त या दाराच्या मागे देऊळ नव्हतं. मागे चार पायऱ्या, मग दरी, आणि दरीपलीकडे आगुंग पर्वत. पर्वत देवाने फुकट दिला होता. बाकीचं सगळं थर्मोकोल, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणि वरून सिमेंटचा हात. वर्षानुवर्षांचं शेवाळ दिसावं म्हणून नेंगाह रोज त्यावर तांदळाचं धुवण ओतायचा. पावसाळा सरेपर्यंत दार असं हिरवंगार झालं, की खुद्द त्यालाच अधूनमधून ते जुनं वाटायला लागलं.

गोष्टीही त्याने स्वतःच रचल्या. जोडपं आलं तर या दारात उभं राहिलेली जोडी तुटत नाही. एकटी बाई आली तर वर्षाच्या आत जोडीदार मिळतो. म्हातारा आला तर एक राजा इथून युद्धावर गेला आणि जिंकून आला. एकदा एका पाहुण्याने विचारलं, कोणता राजा, तर नेंगाह म्हणाला, नाव घ्यायला बंदी आहे. फोनखाली आरसा धरला की फोटोत दारापुढे तळं दिसायचं. पायाखाली कोरडा मुरूम होता, पण फोटोत मुरूम कोण बघतो. सकाळपासून रांग लागायची. आयुष्यात पहिल्यांदा नेंगाह बाजारातून ताठ मानेने चालायला लागला.

गावाशी मात्र त्याचं फार जमत नव्हतं. गावाची रीत अशी, की देवळाचा उत्सव आला की घरटी माणसाने राबायचं. बांबू तोडायचे, डुक्कर कापायचं, मसाला कुटायचा, मंडप बांधायचा. ज्याच्या घरी कार्य असेल त्याच्याकडेही जायचं, म्हणजे आपल्या कार्याला चार माणसं येतात. नेंगाहला असल्या कामाचा मनापासून कंटाळा. त्यावर त्याने जालीम उपाय शोधला होता. घरात मयत झालं की सुतक, आणि सुतकात देवळाची पायरी चढायची नाही. तेव्हा उत्सव जवळ आला की नेंगाहचा एखादा काका मरायचा. कधी सिंगराजाचा, कधी जेंब्रानाचा, एकदा तर समुद्रापलीकडच्या लोंबोकचा. इतके काका त्याच्या आजोबांनाही ठाऊक नव्हते.

त्याची बायको लुह कधी काही बोलायची नाही. सुतक नवऱ्याला लागलं की तिलाही लागायला हवं, पण ती डोक्यावर फळांचा मनोरा घेऊन निमूटपणे देवळात जायची आणि दोन माणसांचं काम एकटीने करून यायची. पुजाऱ्याने एकदा विचारलंही, "लुह, हे सुतक तुमच्या घरात नेमकं कोणत्या खोलीपर्यंत येतं?" लुहने खाली मान घातली. जेरो मंगकू पुगेग, म्हणजे गावचे पुजारी, सत्तरीचे होते आणि त्यांना सगळं कळायचं. त्यांनी परत विचारलं नाही.

रोज सकाळी लुह नारळाच्या कोवळ्या पानाच्या इवल्याशा परड्या विणायची. त्यात फुलं, चार शितं, एक बिस्किट, कधी सिगारेटचा तुकडा, वर पेटती उदबत्ती. एक परडी घरच्या देवाला, एक उंबऱ्याला, एक शेगडीला, एक विहिरीला, एक स्कूटरला. हे सगळ्याच घरांत होतं. दार उभं राहिलं त्या दिवसापासून लुह एक परडी दारालाही ठेवायला लागली. हे नेंगाहच्या डोळ्यांसमोर होतं, पण त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट उदबत्तीच्या धुरात फोटो चांगले यायचे. बिस्किट कुत्रं खायचं.

असं दोन वर्षं चाललं.

त्या वर्षी उत्सवाआधी गावचे देव पालखीत बसून झऱ्यावर अंघोळीला निघाले, तेव्हा नेंगाहचा एक काका कारांगासेमला नुकताच वारला होता. त्यामुळे नेंगाह आपल्या दारापाशी खुर्ची टाकून मिरवणूक लांबूनच बघत होता. पुढे छत्र्या, मागे झांजा, मध्ये पालखी. पालखी रस्त्याने सरळ येत होती ती नेंगाहच्या वळणावर आली आणि एकदम डावीकडे झुकली. खांदेकरी घामाघूम झाले, पाय रोवून पालखी रस्त्यावर ओढायला लागले, पण पालखी काही ऐकेना. ती भरधाव नेंगाहच्या आवारात शिरली, तिकिटाचं टेबल उलथलं, रांग फुटली, आणि पालखी थेट दारापुढे जाऊन थांबली. तिथे एक गोरी बाई एका पायावर उभी राहून दुसरा पाय डोक्याला लावत होती. ती तशीच राहिली. पालखीही तशीच राहिली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका ड्रायव्हरने आपल्या गिऱ्हाइकांना सांगितलं, हे रोज चार वाजता असतं.

तेवढ्यात दादोंग सेंपुरच्या अंगात आलं. दादोंग सेंपुर ही अख्ख्या गावाची आजी. सोयाबीनच्या शेंगा सोलणं आणि अंगात येणं ही तिची दोन कामं, आणि दोन्हीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती दारापुढे फेर धरून नाचली, मग पुरुषी आवाजात म्हणाली, "माझा धाकटा भाऊ इथे राहतो. त्याला भेटायला आलो. रोज जेवायला मिळतं त्याला, तक्रार नाही. पण बसायला पाट नाही. पाऊस अंगावर घेतो बिचारा." मग ती कोसळली, बायकांनी तिला पाणी पाजलं, आणि पालखी मुकाट्याने उठून झऱ्याकडे गेली.

नेंगाहचं तोंड उघडंच राहिलं. कारण देव राहतो म्हटलं की ते देऊळ, आणि देऊळ म्हटलं की ते गावाचं. जमीन देवाच्या नावावर, तिकिटाची पेटी गावाच्या कपाटात. शिवाय देवळात एका पायावर उभं राहता येत नाही. आयुष्यात एक गोष्ट चालली होती, आणि तीच नेमकी देवाला हवीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी तो लवंगी सिगारेटचं पाकीट आणि आपला लाडका झुंजीचा कोंबडा घेऊन दादोंग सेंपुरच्या अंगणात गेला. ती शेंगा सोलत बसली होती.

"दादोंग, काल तुम्ही काय बोललात, आठवतं का?"

"मला कसं आठवेल? तेव्हा मी तिथे नसते."

"मग जो असतो त्याला एक निरोप द्या. म्हणावं, जागा बरोबर नाही. दुसरीकडे बघा."

"देवाला घर दाखवणारा दलाल झालास होय रे तू?"

"दादोंग, खरं सांगतो, कोणाला बोलू नका. त्या दाराच्या आत थर्मोकोल आहे. टीव्हीच्या खोक्यात येतो ना, तसला."

दादोंग सेंपुरने शेंग बाजूला ठेवली. "आणि माझ्या आत काय आहे असं वाटतं तुला? दोन दात आणि पोटात वारा. तरी येतो ना तो? त्याला चालतं सगळं."

 नेंगाहने कोंबडा पुढे केला. दादोंगने कोंबड्याच्या मांड्या चाचपल्या, पंख उचलून पाहिले आणि परत दिला. "हा तुझ्यासारखाच आहे. आवाज मोठा, मांडीत मांस नाही. घेऊन जा." सिगारेटचं पाकीट तिने ठेवून घेतलं.

दोन दिवसांनी दारापुढेच गावाची सभा ठरली. गावचा प्रमुख, म्हणजे क्लियान, वायान तालेर सगळ्यांना विचारणार, आणि मग जेरो मंगकू कौल देणार. नेंगाहने सगळा विचार केला. देवाला दार दिसलं ते परडीमुळे. परडी कोणी ठेवली? बायकोने. बायकोने फक्त एवढंच सांगायचं, की ती परडी कोणाला म्हणून ठेवलीच नव्हती. मग देव न बोलावलेला पाहुणा ठरतो, आणि न बोलावलेल्या पाहुण्याला गाव जागा देत नाही.

सभेच्या आदल्या रात्री लुह पडवीत पानं कापत बसली होती. तो तिच्यासमोर जाऊन बसला.

"उद्या तुला विचारतील."

"काय?"

"परडी कोणाला ठेवत होतीस म्हणून. तू सांग, सवय म्हणून ठेवत होते. स्कूटरला ठेवतेस, शेगडीला ठेवतेस, तशीच दाराला."

"शेगडीला मी सवय म्हणून नाही ठेवत."

"मग?"

"शेगडी नीट पेटावी म्हणून ठेवते."

"बरं, ते राहू दे. दाराचं काय सांगशील?"

लुहची सुरी पानावरून सरसर फिरत राहिली. "विचारतील तेव्हा सांगेन, ब्ली."

ब्ली म्हणजे दादा, नवऱ्याला बायका असंच म्हणतात. लुह तो शब्द नेहमी हळू उच्चारायची. नेंगाहने तिच्या आवाजावरून तिने ऐकलं असं धरलं आणि तो निर्धास्त झोपला.

सभेच्या सकाळी त्याच्या लक्षात आलं, की देवापुढे बसायला योग्य असं त्याच्याकडे काहीच नाही. सुतकामुळे वर्षानुवर्षं गरज पडली नव्हती. लुहने अंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं. त्याने अंघोळ केली, डोक्याला लुहनेच बांधून दिलेलं पांढरं फडकं, आणि कमरेला पाहुण्यांना भाड्याने देतो त्या ढिगातलं एक लुंगीवजा वस्त्र. त्यावर रांगेने हत्ती होते. दुसरं एक होतं, पण त्यावर सूर्यास्त आणि नारळाचं झाड होतं, ते त्याला फारच वाटलं.

सगळं गाव दारापुढच्या मुरमावर बसलं होतं. नेंगाह हात जोडून पुढे जाऊन बसला. वायान तालेरने त्याला हत्तींसकट वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आज सुतक नाही का रे, नेंगाह?"

लोक हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "काका संपले त्याचे."

नेंगाहने जोडलेले हात सोडले नाहीत. आज त्याला गोड बोलायचं होतं. "क्लियान, जेरो मंगकू, गावकरी मंडळी, माझी चूक झाली ती मी कबूल करतो. मी पाहुण्यांना खोटं सांगितलं. इथे राजाबिजा कोणी गेला नाही. हे दार मी कॅलेंडरवरच्या फोटोवरून बनवलं. यात देव राहू शकत नाही, कारण यात राहण्यासारखं काही नाही. हे बघा." त्याने उठून दाराचा एक कोपरा धरला आणि कडकन मोडला. आतून थर्मोकोलचे पांढरे दाणे उडाले, वाऱ्याने पसरले आणि जेरो मंगकूंच्या दाढीत जाऊन अडकले. जेरो मंगकूंनी ते एकेक करून काढले. नेंगाह परत हात जोडून बसला. "पाया पडतो. मला माझं खोटं दार परत द्या. त्यावर घर चालतं माझं."

हे तो मनापासून बोलला.  दारावाचून त्याच्याकडे काय उरणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

जेरो मंगकूंनी शेवटचा दाणा झटकला. "गावच्या देवळातला गरुड कोणी कोरला, माहीत आहे? तुझ्या आजोबांनी. ताडी पिऊन कोरला. एक पंख दुसऱ्यापेक्षा वीतभर आखूड आहे. त्या गरुडावर देव बसतो, आणि मी चाळीस वर्षं पूजा करतोय, देवाने एकदाही तक्रार केली नाही. देव भिंत बघत नाही, नेंगाह. देव ताट बघतो." मग ते बायकांकडे वळले. "लुह, ताट तू ठेवत होतीस. कोणाला ठेवत होतीस?"

लुह उठून पुढे आली. नेंगाहने तिच्याकडे अशी नजर लावली, की तीच नजर कोंबड्यावर लावली असती तर कोंबडा जिंकला असता.

"सवय म्हणूनच ठेवली, जेरो," लुह म्हणाली.

नेंगाहचा जीव भांड्यात पडला.

"पहिले काही दिवस," लुह म्हणाली. "मग एके दिवशी मागितलं."

"काय मागितलंस?"

 कोणीतरी खाकरलं. दादोंग सेंपुर पान चघळत पुढे सरकून बसली, कारण ऐकू कमी येतं असं ती म्हणायची, पण असलं काही असलं की तिला सगळं ऐकू यायचं.

"ब्लीने एकदा तरी देवापुढे येऊन बसावं, असं. हात जोडून, माझ्या घरचा माणूस म्हणून. देवळात सगळ्यांचे नवरे येतात. मी एकटी नैवेद्य मांडते, एकटी उचलते, कोणी विचारलं की काका वारले सांगते. मला लाज वाटते. गावच्या देवळात मागून मागून मी थकले. तिथला देव मोठा, त्याला कामं फार. म्हटलं हा नवा आहे. याच्याकडे रांग लागते पण मागत कोणी नाही, सगळे फोटो काढून जातात. याला वेळ असेल. म्हणून रोज याला सांगत होते."

लुह नेंगाहकडे वळली.

"आज सकाळी ब्लीने अंघोळ केली," लुह म्हणाली. "डोक्याला फडकं बांधलं. मघापासून सगळ्या गावापुढे हात जोडून बसलेत. मी मागितलं होतं तसंच. ब्ली म्हणाले होते सवय म्हणून सांग, पण जेरो, दोन वर्षं मागितलेलं समोर दिसतंय आणि इथे कोणी नाही असं मी कशी सांगू?"

सगळ्या गावाने वळून नेंगाहच्या हातांकडे पाहिलं. नेंगाहनेही पाहिलं. हात जोडलेले होते. ते सोडावेत असं त्याच्या मनात आलं, पण आता सोडले असते तर ते आणखी वाईट दिसलं असतं.

आधी दादोंग सेंपुर हसली, मग वायान तालेर, मग सगळं गाव. हसता हसता कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं. जेरो मंगकूंनी घंटा वाजवली. कौल झाला होता, आणि तो नेंगाहनेच दिला होता. दार गेलं. पाट कोणी करायचा, छप्पर कोणी, यावर मागे वादही सुरू झाला. तिकिटाच्या पेटीची किल्ली कोणाकडे राहणार, यावर तर दोघे उठूनच उभे राहिले.

जेरो मंगकूंनी मात्र लागलीच पूजा लावली. बसलेल्या प्रत्येकाच्या हातात फूल आलं. लुह नेंगाहच्या शेजारी येऊन बसली, पहिल्यांदाच, आणि तिने आपल्यातलं एक फूल त्याच्या बोटांत दिलं. तो तिच्याकडे बघेना. त्याला राग आला होता, आणि राग कोणावर ते त्याला ठरवता येत नव्हतं. बायकोने सबंध गावापुढे त्याचं मातेरं केलं होतं, आणि तिने जे सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. दोन वर्षं तो दारापाशी खुर्चीत बसून तिला परडी ठेवताना पाहत होता, आणि ती काय पुटपुटते हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्याला शरम वाटली, खरी शरम, बाजारात लोक हसतात तसली नव्हे.

"बसलाच आहात तर काहीतरी मागा," लुह हळूच म्हणाली.

नेंगाहने फूल कपाळाशी नेलं. सवयीने त्याने आधी दारच परत मागितलं. मग त्याच्या लक्षात आलं की देव त्यातच राहतो, तो कसं देईल.  एवढ्या वर्षांत देवाकडे काय मागायचं असतं हेच तो विसरला होता. शेजारी लुहने बसताना एक हात जमिनीला टेकला होता आणि दुसऱ्याने गुडघा दाबून धरला होता. ती रोज दारापुढून उठताना तसंच करायची.

"लुहचे गुडघे," तो म्हणाला. मनात म्हणायला गेला आणि ते तोंडातून निघालं.

लुहने त्याच्याकडे पाहिलं. "माझ्या गुडघ्यांना काय झालं?"

"दुखतात ना."

"तुम्हाला कधी कळलं?"

नेंगाह दाराकडे बघत राहिला. मोडलेल्या कोपऱ्यातून अजून दाणे गळत होते.

"पहिल्यापासून माहीत होतं," तो म्हणाला.